यंत्राची मींड : एका ध्वनिमुद्रिकेचे दोन अन्याय

कलाकृतीवर अन्याय दोन प्रकारांनी होतो. ती न ऐकताच बाजूस सारली जाते, हा पहिला प्रकार. आणि पुढे केव्हातरी सापडली म्हणजे भलत्याच गुणासाठी तिला डोक्यावर घेतले जाते, हा दुसरा. पहिल्या अन्यायाविषयी पुष्कळ बोलले जाते, कारण उपेक्षितांचा कळवळा येणे मनुष्यस्वभावास सोपे असते. दुसरा अन्याय मात्र गौरवाच्या वेषात येत असल्यामुळे तो अन्याय आहे, हेच सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. मुंबईचे वादक कै. चरणजीत सिंग यांच्या एका ध्वनिमुद्रिकेच्या वाट्यास हे दोन्ही अन्याय आले. १९८२ साली 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट' या नावाने ती निघाली. दहा राग, त्यांना डिस्कोचा ठेका, आणि साथीस तबला नाही, तंबोरा नाही; जे काही आहे ते सारे विजेच्या वाद्यांतून निघालेले. त्या काळी तिला कोणी विचारले नाही. अठ्ठावीस वर्षांनी तिचे पुनर्मुद्रण झाले, तेव्हा एका नव्या संगीतसंप्रदायाची जननी म्हणून तिचा जयजयकार झाला. ती स्वतः कशी आहे, हा प्रश्न मात्र दोन्ही वेळा बहुतेक तसाच राहिला. तो विचारून पाहणे, हाच या लेखाचा हेतू आहे.

यवतमाळसारख्या जिल्ह्यातील वाचकास या खटाटोपाचे प्रयोजन काय, अशी शंका कोणी घेईल. प्रयोजन दाराशीच आहे. लग्नसराईत वणीपासून पुसदपर्यंत कोणत्याही गावी सायंकाळी उभे राहिल्यास जे संगीत कानी आदळते, ते याच कुळातील यंत्रांचे असते. त्याला आपण 'डीजे' म्हणतो. पाश्चात्य देशांत हा शब्द तबकड्यांची निवड करून त्या एकीत एक गुंफणाऱ्या माणसाचा वाचक आहे. आपल्याकडे तो गाडीवर रचलेल्या भोंग्यांच्या राशीचा वाचक झाला आहे. शब्दातून माणूस निघून गेला आणि कर्णे तेवढे उरले! मग त्याविषयी सुशिक्षित घरांत जी चर्चा होते, ती केवळ आवाजाचीच होते, यात नवल ते काय? ती चर्चा अस्थानी नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलांची मर्यादा घातली आहे, आणि ती पाळली जावी असे कोणाही समंजस माणसास वाटेल. परंतु आवाज किती असावा हा शासनाचा प्रश्न. त्या आवाजात संगीत किती आहे हा टीकाकाराचा. पहिल्याचे उत्तर मिळाले म्हणून दुसरा निकालात निघत नाही.

चरणजीत सिंग यांचा जन्म १९४० सालचा. त्यांची सारी हयात हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गेली. गिटार, बास गिटार आणि विजेवर चालणारी नाना तऱ्हेची सुरांची वाद्ये ते वाजवीत. १९७१ सालच्या 'हरे रामा हरे कृष्णा' या चित्रपटातील 'दम मारो दम' हे गाणे ज्याने ऐकले नाही असा मनुष्य विरळा. त्यातील ट्रान्झिकॉर्ड या वाद्याचा गूढ, लांबत जाणारा स्वर त्यांच्या हातचा. पण हे किती जणांस ठाऊक होते? त्या काळच्या तबकडीच्या वेष्टनावर गायकाचे नाव असे, संगीतदिग्दर्शकाचे असे, कवीचेही असे. ज्याच्या बोटांतून तो नाद निघाला, त्याचे नाव छापण्याची चाल नव्हती. नटाच्या मागे पडदा ओढणाऱ्याइतकाच तो अनामिक. अशा माणसाला आपले स्वतःचे असे काही करून पाहावेसे वाटले, तर ते वाटणे समजण्यासारखे आहे. चित्रपटगीतांच्या चाली वाद्यांवर वाजवून त्यांनी काही तबकड्या काढल्याही होत्या. परंतु त्यांत चाल दुसऱ्याची असे. १९८२ च्या या तबकडीत प्रथमच त्यांनी चित्रपट बाजूस ठेवला आणि रागाकडे धाव घेतली.

त्या सुमारास डिस्कोची लाट आली होती. १९८० साली 'कुर्बानी' चित्रपटातील 'आप जैसा कोई' या गाण्याने तिला घरोघर पोहोचविले, आणि १९८२ च्या अखेरीस आलेल्या 'डिस्को डान्सर'ने तिच्यावर कळस चढविला. ठेका तोच घ्यावयाचा, पण त्यावर गाणे न ठेवता राग ठेवावयाचा, ही सिंग यांची कल्पना. त्यासाठी त्यांनी जपानच्या रोलँड कंपनीची तीन यंत्रे वापरली : तालासाठी टी. आर. ८०८, खर्जातील सुरावटीसाठी टी. बी. ३०३ आणि मुख्य स्वरांसाठी ज्युपिटर ८. यांपैकी टी. बी. ३०३ ची कथा मौजेची आहे. बास गिटार वाजविणारा जोडीदार नसला तरी गिटारवाल्याला घरी सराव करता यावा, म्हणून ते १९८१ साली निघाले. खऱ्या बास गिटारशी त्याच्या नादाचे काडीचेही साम्य नव्हते; त्यामुळे ते खपले नाही आणि तीन वर्षांत त्याचे उत्पादन थांबले. साथीदाराची जागा घेण्यास निघालेले आणि त्या कामी नापास झालेले हे यंत्र जन्मभर साथ करणाऱ्या एका वादकाच्या हाती पडावे, हा योग विलक्षण खरा!

आता ध्वनिमुद्रिकेकडे वळू. भैरव, ललत, भूपाली, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी असे दहा राग तीत आहेत. प्रत्येकास सुमारे पाच मिनिटे दिलेली. एवढ्या अल्पावधीत राग कसा मांडता येईल, हा आपल्या रसिकांचा पहिला आक्षेप असणार; पण तो टिकण्याजोगा नाही. अब्दुल करीम खाँ, हिराबाई बडोदेकर, केसरबाई केरकर यांनी जुन्या तबकडीच्या तीन-साडेतीन मिनिटांत राग उभे केले आणि ते आज आपण ठेव्यासारखे जपतो. केसरबाईंची जी भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातून अवकाशात धाडली गेली, तीही त्याच मापाची. तेव्हा वेळ थोडा, हा दोष नव्हे. थोड्या वेळात काय साधले, हे पाहिले पाहिजे.

दुसरा आक्षेप यंत्राचा. यंत्रातून राग निघेल काय? या आक्षेपास महाराष्ट्राने एकवार उत्तर दिलेले आहे. हार्मोनियम परदेशातून आली, तेव्हा तिच्यावर याहून कडक दोषारोप झाले. तिचे स्वर ठोकून बसविलेले. श्रुती तिच्यात नाहीत. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे तिला अशक्य. म्हणजे जी मींड रागाचा प्राण, तीच तिला वर्ज्य. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली तिला बंदी केली आणि ती सुमारे तीन दशके टिकली. परंतु त्याआधीच गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या कलावंताने तिला मराठी रसिकांच्या हृदयात जागा करून दिली होती. १९११ सालच्या 'मानापमान' नाटकाचे संगीत ज्यांनी दिले, तेच हे हार्मोनियमचे जादूगार. आज खेड्यातील भजनी मंडळ पेटीवाचून बसत नाही, आणि पेटी परदेशी असे कोणी म्हणतही नाही. वाद्य कोठून आले यावरून त्याची जात ठरत नाही, हातावरून ठरते, असा हा धडा आहे.

या दृष्टीने पाहू गेल्यास सिंग यांच्या यंत्रांची बाजू पेटीहून बळकट ठरते. पेटीला जे अशक्य, ते यांना शक्य आहे. ज्युपिटर ८ वर एक स्वर दुसऱ्यात ओढत नेता येतो, टी. बी. ३०३ मध्येही स्वरास्वरांमध्ये घसरण घालण्याची सोय मुळातच आहे. यंत्र बनविणाऱ्या जपानी कारागिराच्या मनात मींड असण्याचा संभव नाही. पण ज्याच्या कानांत लहानपणापासून राग मुरलेला आहे, अशा वादकाने ती सोय पाहताच तिच्यात मींड ओळखली. या ध्वनिमुद्रिकेचा खरा शोध हाच होय. तिच्यातील स्वर एकापुढे एक ठेवलेल्या विटांसारखे येत नाहीत; ते वळतात, लवतात, एकमेकांत विरघळतात. हे ऐकताना यंत्राचा विसर पडतो असे मात्र नव्हे. यंत्र यंत्रच राहते. परंतु ते एका जुन्या भाषेत बोलू लागते, आणि त्याचे उच्चार परके असले तरी व्याकरण चुकत नाही.

सगळ्याच रागांना हा पेहराव सारखाच शोभतो, असे नाही. भूपाली, मालकंस, कलावती, बैरागी हे पाच स्वरांचे राग त्यात अधिक खुलतात. त्यांच्या स्वरांमध्ये अंतरे मोठी. त्या अंतरांतून ठेका खेळता राहतो, आणि खर्जातील यंत्राची लगबग रागाच्या रेषा पुसून टाकीत नाही. उलट ज्या रागांचे जीवित सूक्ष्म आंदोलनात आहे, त्यांची यात ओढाताण होते. भैरवाचा कोमल ऋषभ झुलत राहिला पाहिजे. तोडीचा गंधार आपल्या जागेहून किंचित खाली उतरून खंत सांगतो. ललतात पंचम नाही आणि दोन मध्यम एकमेकांस खेटून उभे आहेत. असल्या गोष्टींना उसंत लागते. धावत्या ठेक्यावर त्या सांगू गेल्यास सांगितल्यासारख्या होतात, भोगल्यासारख्या होत नाहीत. भैरवाच्या मुद्रणात यंत्रातून उमटलेला 'ओम् नमः शिवाय' असा उच्चार आहे. तो प्रथम चमत्कृती वाटतो, आणि थोड्या वेळाने चमत्कृतीच राहतो. रागाला जे सांगावयाचे ते शब्दांकडून सांगून घेण्याची गरज तेथे वादकास वाटली, यातच त्या रागाची अडचण दिसून येते.

परंतु सर्वांत मोठे न्यून स्वरांत नाही, तालात आहे. गंमत अशी की यंत्राचा हिशेब आणि आपला हिशेब येथे एकच आहे. टी. आर. ८०८ वर ठेका रचताना सोळा घरे मिळतात, आणि ती चार-चारांच्या चार खंडांत पडतात. आपला तीनतालही सोळा मात्रांचा आणि चार खंडांचा. तेव्हा दोहोंचे सहज जुळावे, असे वाटते. पण तीनतालाच्या नवव्या मात्रेवर खाली असते. तेथे टाळी पडत नाही, हात उघडा राहतो, त्या खंडात डग्ग्याचा घुमारा ओसरतो, आणि ऐकणारा नकळत समेची वाट पाहू लागतो. खाली आहे म्हणून सम आहे. विरह आहे म्हणून भेट आहे. डिस्कोच्या ठेक्यात प्रत्येक ठोक्याला ढोल पडतो. तेथे सगळ्याच टाळ्या. खाली कोठेच नाही. त्यामुळे रागाने कितीही सुंदर वळण घेतले, तरी समेवर येण्याचा आनंद त्याला लाभत नाही; कारण कोणी दूर गेलेलेच नसते. तबला काढून टाकण्याचा धाडसी निर्णय घेताना सिंग यांनी तबल्याबरोबर खालीही काढून टाकली, ही या ध्वनिमुद्रिकेची किंमत आहे. ती मोठी किंमत आहे, आणि गुणगान करणाऱ्यांनी ती हिशेबात धरलेली नाही.

येथे आपण दुसऱ्या अन्यायापाशी येतो. १९८२ साली ही तबकडी खपली नाही. तिच्यात शब्द नव्हते, तिच्यामागे चित्रपट नव्हता, नटाचा चेहरा नव्हता. डिस्को हवा असणाऱ्यांना राग नको होता, आणि राग हवा असणाऱ्यांना डिस्कोचे नावही सोसवत नव्हते. पुढे २००२ साली एदो बाउमन नावाच्या एका डच संग्राहकास दिल्लीच्या एका दुकानात तिची प्रत सापडली आणि २०१० साली त्यांनी ती पुन्हा प्रसिद्ध केली. तेव्हा पाश्चात्य रसिक चकित झाले. अमेरिकेतील शिकागो शहरी नृत्यगृहांतून 'हाउस' नावाचे संगीत उदयास आले होते. त्याची 'ॲसिड हाउस' ही शाखा टी. बी. ३०३ च्या विचित्र, पिळवटणाऱ्या नादातून निघाली, आणि १९८७ सालचे फ्यूचर या मंडळीचे 'ॲसिड ट्रॅक्स' हे तिचे आद्यपीठ मानले जाते. तोच नाद, तोच अखंड ठोका मुंबईत पाच वर्षे आधी! काहींना तर ही कोणा आधुनिकाने केलेली थट्टाच वाटली. थट्टा नाही हे कळल्यावर चरणजीत सिंग त्या शाखेचे जनक ठरविले गेले, आणि सत्तरी ओलांडलेले हे गृहस्थ आपली कला घेऊन युरोपातील तरुण श्रोत्यांपुढे जाऊन आले. ५ जुलै २०१५ रोजी मुंबईस त्यांचे निधन झाले.

उशिरा का होईना, त्यांचे नाव झाले, याचा आनंद कोणास होणार नाही? परंतु 'जनक' हा शब्द तपासून घेतला पाहिजे. ज्याला अपत्य नाही त्याला जनक म्हणता येत नाही. शिकागोच्या तरुणांनी ही तबकडी ऐकली नव्हती. तिच्यावाचूनच त्यांचे संगीत जन्मले. दोन ठिकाणी एकच यंत्र दोन कल्पक माणसांच्या हाती पडले आणि दोघांनी त्यातून सारखे नाद काढले, एवढेच खरे. एकाच्या मनात राग होता, दुसऱ्यांच्या मनात नृत्य. पाच वर्षे आधी, ही पंचांगाची थोरवी झाली, कलेची नव्हे. या मोजपट्टीने गौरव करणारे, रागाच्या अंगाने जे खरे साधले आहे ते ऐकतच नाहीत.

तर मग विचारण्यासारखा प्रश्न असा की, या कृतीला वंश का लाभला नाही? उत्तरासाठी दक्षिण आफ्रिकेकडे पाहावे. शिकागोचे हाउस संगीत तेथेही परकेच होते. पण वर्णभेदाची राजवट संपत आली त्या काळात तेथील कृष्णवर्णीय वस्त्यांनी ते आपलेसे केले. त्याची गती मंद करून, त्यात आपली बोली घालून 'क्वाइतो' नावाचा प्रकार घडविला. या मातीतून पुढे 'ब्लॅक कॉफी' या नावाने ओळखला जाणारा कलावंत निघाला. त्याचे मूळ नाव न्कोसिनाथी माफुमुलो, जन्म १९७६ साली डर्बनचा. १९९० साली मंडेला यांच्या सुटकेचा आनंदोत्सव चालला असता एक मोटार गर्दीत घुसली आणि या मुलाचा डावा हात कायमचा निकामी झाला. एका हाताने तो ही कला शिकला. २००५ साली त्याचा पहिला संग्रह निघाला. त्यात त्याने ह्यू मासेकेला यांच्या 'स्टिमेला' या गाण्याला नवे रूप दिले. खाणींत राबण्यास दूरदूरच्या मजुरांना घेऊन येणाऱ्या आगगाडीचे ते गाणे. २०२२ साली 'सबकॉन्शसली' या संग्रहास अमेरिकेचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले, तेव्हा त्यामागे एका माणसाचे बुद्धिचापल्य तर होतेच. पण वस्तीतील लग्ने, अंगणे, रस्त्यावरच्या गाड्या, आणि त्या नादावर नाचत वाढलेली एक पिढीही होती. त्याने परके यंत्र घेतले आणि त्यात बापजाद्यांचे गाणे घातले. त्याचे संगीत ऐकणारे आधीच तयार होते, आणि ते नाचणारे होते.

चरणजीत सिंग यांच्यापाशी काय होते? ध्वनिमुद्रणाची खोली, तीन यंत्रे आणि कानांतील राग. अंगण नव्हते. नाचणारे पाय त्यांच्या ठेक्याला कधी भेटले नाहीत. म्हणून तो ठेका सुधारलाही नाही. श्रोत्यांच्या समोर वाजविणाऱ्यास खालीची उणीव चार दिवसांत कळली असती. बंद खोलीत ती कळण्यास मार्ग नव्हता. कलेला वंश चालविण्यास प्रतिभा पुरत नाही, समाज लागतो, हे या दोन चरित्रांवरून दिसते.

आणि नेमके तेच अंगण आपल्या विदर्भात आहे. आपल्याकडील मिरवणुकीत 'संदल' म्हणून जे वाजते, त्यात ढोलताशांच्या जोडीस आज कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आले आहेत. ऑक्टोपॅड हे नावही त्याच रोलँड कंपनीने १९८५ साली बाजारात आणलेले. पण तो ठेका पुष्कळदा हाताने वाजतो, यंत्रास पढवून ठेवलेला नसतो. त्यामुळे त्यात ढोलाची लचक राहते, ठोका किंचित मागे ओढला जातो, मध्येच सोडला जातो आणि पुन्हा पकडला जातो. सिंग यांनी जी खाली गमावली, तिची सावली तेथे सापडते. यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद या बाजूच्या तांड्यांत होळीला डफावर म्हटली जाणारी बंजारा लेंगी गीतेही आता यंत्राच्या तालावर मुद्रित होऊ लागली आहेत. त्यांतील पुष्कळसे सामान्य असेल, काही टाकाऊही असेल. चांगले निवडून सांगण्यासाठीच टीकाकार असतो. तो मात्र खिडक्या लावून घेतो आणि आवाजाविरुद्ध तक्रार लिहितो! तक्रार अवश्य लिहावी. पण दुसऱ्या दिवशी खिडकी उघडून, काल वाजविणारा कोण होता आणि त्याने काय वाजविले, हेही विचारावे.

'सिंथेसायझिंग' ही थोर कलाकृती आहे काय? प्रामाणिक उत्तर असे की, ती अपुरी आहे. तिच्यात मींड आहे, खाली नाही. कल्पना आहे, उसंत नाही. परंतु ज्या अपुऱ्या कृती पुढच्या माणसास नेमके काय करावयाचे राहिले ते दाखवितात, त्यांची योग्यता पुष्कळ पूर्ण कृतींहून मोठी असते. पहिल्या पिढीने तिला ऐकले नाही, दुसरीने तिची जन्मतारीख तेवढी पाहिली. तिसरी पिढी आपल्याच जिल्ह्यातील एखाद्या गाडीवर, घामाघूम होऊन, ऑक्टोपॅडसमोर उभी असण्याचा संभव आहे. तिचे नाव विचारणारा कोणी निघाला, तर चरणजीत सिंग यांच्या वाट्यास आलेले अनामिकपण तिच्या वाट्यास येणार नाही.